सनद मिळाली, बार एक्झाम बाकी? मोबाईलवर लेक्चर ऐकून असा करा अभ्यास

एलएलबी झाली, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून सनदही आली, तरी वकिली कायम करायला अजून एक पायरी चढावी लागते. ती म्हणजे ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, म्हणजेच एआयबीई. २००९-१० नंतर कायद्याची पदवी घेतलेल्या सगळ्यांना ही परीक्षा लागू आहे. सनद सुरुवातीला तात्पुरती असते आणि २ वर्षांत परीक्षा काढावी लागते. मुदत गेली की पास होईपर्यंत कोर्टात उभं राहता येत नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानेही ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार मान्य केला.

आपल्या भागातली बरीच मुलं-मुली शेती, दूध, घरकाम बघून शिकतात. शहरात खोली करून क्लास लावणं सगळ्यांना झेपत नाही. मग मोबाईलवरची रेकॉर्डेड लेक्चर ऐकून अभ्यास चालतो. हे जमतं, पण काय ऐकायचं, काय वाचायचं आणि कोणतं रेकॉर्डिंग टाळायचं हे आधी ठरवायला हवं.

परीक्षा थोडक्यात

- १०० प्रश्न, १०० गुण, चार पर्यायांतून एक उत्तर.
- खुल्या व ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात.
- चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.
- मराठीतून परीक्षा देता येते.
- टिपा नसलेलं बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचं मूळ पुस्तक, आत नेता येतं. मोबाईल, इअरफोन चालत नाही.
- कितीही वेळा बसता येतं, पण दर वेळी फी भरावी लागते.

गुण कुठे आहेत?

अभ्यासक्रमात १९ विषय आहेत, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. राज्यघटना १०, दिवाणी प्रक्रिया संहिता १०, फौजदारी प्रक्रिया १०, दंड कायदा ८, पुरावा कायदा ८, कौटुंबिक कायदा ८ आणि करार-मालमत्तेचे कायदे ८. या सातांचे मिळून ६२ गुण होतात. कंपनी कायदा, सायबर, पर्यावरण, भूसंपादन यांना प्रत्येकी २ गुण आहेत. आधी हे सात पक्के करा, बाकीचे वेळ उरेल तसे.

जुनं रेकॉर्डिंग म्हणजे २६ गुणांना धोका

१ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. या तीन विषयांचे मिळून २६ गुण आहेत. मोबाईलवर फुकट फिरणारी बरीच लेक्चर त्याआधीची आहेत. शिकवणारा कितीही चांगला असला तरी त्यातले कलम क्रमांक जुने. म्हणून ऐकण्याआधी लेक्चरची तारीख बघायची.

जुने-नवे क्रमांक जोडीने पाठ करा:

- खून: जुनं ३०२, नवं १०३
- खुनाचा प्रयत्न: जुनं ३०७, नवं १०९
- चोरीची शिक्षा: जुनं ३७९, नवं ३०३
- फसवणूक: जुनं ४२०, नवं ३१८
- एफआयआर: जुनं १५४, नवं १७३
- जमावबंदीसारखे आदेश: जुनं १४४, नवं १६३
- पोटगी: जुनं १२५, नवं १४४
- अटकपूर्व जामीन: जुनं ४३८, नवं ४८२

इथे कान फसतो. १४४ म्हटलं की आपल्याला जमावबंदी आठवते, पण नव्या संहितेत १४४ म्हणजे पोटगी. ४८२ म्हणजे पूर्वी हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, आता अटकपूर्व जामीन. हायकोर्टाचे अधिकार ५२८ वर गेले. नुसता आकडा ऐकून लक्षात ठेवला तर पेपरात गडबड ठरलेली. आकड्याबरोबर कायद्याचं नाव मोठ्याने म्हणायची सवय लावा.

जुनी कलमं पूर्ण विसरूनही चालणार नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच दंड कायदा लागतो. कोर्टात अशा केसेस अजून बऱ्याच वर्षं चालतील.

कानाने काय, डोळ्याने काय?

ज्यात गोष्ट आहे ते ऐकून चांगलं बसतं. केशवानंद भारती खटला (१९७३), मनेका गांधी खटला (१९७८), बिहारच्या तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा हुसैनआरा खातून खटला (१९७९). जनहित याचिका, कौटुंबिक कायदा, वकिलांची व्यावसायिक नीतिमत्ता हेही ऐकण्यासारखं आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता मात्र नुसती ऐकून येत नाही. आदेश ७ नियम ११ म्हणजे वादपत्र नामंजूर करणं, आदेश ३९ नियम १ व २ म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम. बांधाच्या भांडणात आपण हा मनाई हुकूम नेहमी ऐकतो, पण पेपरात नियमाचा नंबर विचारतात. तो पुस्तक उघडून, बोट ठेवून वाचावा लागतो. पुस्तक आत नेता येतं म्हणून निवांत राहू नका. कोणतं कलम कुठे आहे हे हाताला माहीत नसेल तर शोधण्यातच वेळ जातो. कायद्यांचा मूळ मजकूर सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

लेक्चर हिंदीत, पेपर मराठीत

बहुतेक लेक्चर हिंदी किंवा इंग्रजीत असतात. मराठीतून पेपर देणाऱ्याने शब्दांची वही ठेवावी. हिंदीतलं ‘अग्रिम जमानत’ म्हणजे आपला अटकपूर्व जामीन. ‘संज्ञेय अपराध’ म्हणजे दखलपात्र गुन्हा. ‘भरणपोषण’ म्हणजे पोटगी. विषय येत असूनही शब्द न कळल्याने उत्तर चुकलं तर जिवाला लागतं.

दिवसाचं गणित कसं बसवायचं?

१. रेंज असेल तिथे लेक्चर डाउनलोड करून ठेवा. शिवारात नेटवर्कची खात्री नसते.

२. धार काढताना, चारा टाकताना, रात्रीच्या लायटीला पाणी धरताना ऐका. एका वेळी २०-२५ मिनिटं पुरेत.

३. लेक्चर संपलं की लगेच दुसरं लावू नका. काय कळलं ते तीन वाक्यांत स्वतःशी मोठ्याने बोला. बोलता आलं नाही तर पुन्हा ऐका.

४. त्याच दिवशी अर्धा तास बसून ती कलमं पुस्तकात बघा.

५. कलमं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. ‘न्याय संहिता, एकशे तीन, खुनाची शिक्षा’ असं सावकाश. आठवडाभर तेच ऐका.

६. रविवारी मागच्या पेपरातले ५० प्रश्न घड्याळ लावून सोडवा. प्रश्न सोडवणं ऐकून येत नाही.

ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी किंवा मळणी यंत्रावर असताना इअरफोन काढून ठेवा. रात्री शेतात दोन्ही कानांत इअरफोन घालू नका, आजूबाजूची चाहूल लागली पाहिजे.

‘पेपर आधीच देतो’, ‘हमखास पास’ असे मेसेज ग्रुपवर आले तर पैसे पाठवू नका. परीक्षेची तारीख, फी आणि अर्जाची मुदत बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या अधिकृत जाहिरातीतूनच बघा आणि आपल्या सनदेची २ वर्षं कधी संपतात ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.