एका चुलीवर किती हात?

नाथषष्ठीला आमच्या पैठणच्या घरात चूल एक अन् बायका आठ. निम्म्या नुसत्या खोळंबलेल्या. अंगणात दुसरी चूल मांडली, तर मिठामिरचीसाठी हेलपाटे!

महासंगणकाचंही असंच. पुण्याच्या सी-डॅकच्या 'परम 8000'मध्ये (1991) नोडागणिक एकच प्रोसेसर, मेमरी ज्याची त्याला. बाकी सगळी निरोपानिरोपी. पुण्याच्याच 'एका'त (2007) प्रत्येक नोडात आठ गाभे. हेलपाटे घटले, पण मेमरीची चूल सामायिक. लिनपॅक कसोटीत तो जगात चौथा आला. त्या गणितात मेमरीकडे फेऱ्या कमी. हवामानाच्या गणितात मात्र गाभे मेमरीपाशी ताटकळतात.

आत्याला हे सांगितलं. म्हणाली, "म्हणजे काम बघून चूल मांडायची. त्याला एवढं शिकावं लागतं होय रे?"