खवटपणाचा इतिहास आणि डाळिंबाची साल

मागच्या महिन्यात एका वीकेंडला मुरबाडला चुलतभावाकडे गेलो होतो. वहिनींचा बचत गट आहे, सात बायकांचा. पापड-लोणची सगळेच करतात, म्हणून यांनी चिकन कटलेट काढले. (इंग्रजीत पॅटी. आपल्याकडे पॅटिस म्हटलं की बेकरीतलं खारी पॅटिस आठवतं, म्हणून कटलेटच म्हणतो.) शहापूरच्या बाजूला महामार्गावरचे दोन ढाबेवाले माल घ्यायला तयार झाले. पण तिसऱ्या दिवशी एकाने अख्खा डबा परत पाठवला. ऐंशी नग!

"भाऊजी, नासले नव्हते हो. वास नाही, बुरशी नाही. पण चव गेली. खवट. तुम्ही एवढं कॉम्प्युटरवर शोधता, याचं कारण शोधा की."

झालं! आमचे पुढचे दोन शनिवार यातच गेले.

पहिली गोष्ट ही कळली की वहिनींचं निदान अचूक होतं. अन्न खराब होतं ते दोन वेगळ्या कारणांनी. एक म्हणजे जंतू. दुसरं म्हणजे स्निग्धांश आणि हवेतला ऑक्सिजन यांची गाठ. दुसऱ्यात जंतूंचा काही संबंध नाही. जुन्या खोबऱ्याला येतो तोच हा खवटपणा. कोंबडीच्या चरबीत असंपृक्त स्निग्धाम्लं मटणापेक्षा जास्त, म्हणून ती लवकर खवटते. त्यात आपण खिमा करतो, म्हणजे हवा आत कोंबतो. शिजवतो, म्हणजे पेशी फुटून स्नायूंतलं लोह मोकळं होतं आणि ते या प्रक्रियेला ढकलतं. वर मीठ! आमच्या भाषेत सांगायचं तर बग कोडमध्ये नाही, रेसिपीतच आहे.

शिजवून थंडीत ठेवलेलं मांस कच्च्यापेक्षाही लवकर चव सोडतं, हे अमेरिकेत टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी १९५८ साली मांडलं. तोवर कारखान्यांना बीएचए, बीएचटी ही कृत्रिम ऑक्सिडीकरणरोधक रसायनं मिळाली होती. पण १९५२ सालीच चिपॉल्ट आणि सहकाऱ्यांनी ३२ मसाले डुकराच्या चरबीत घालून पाहिले होते. त्यात रोजमेरी आणि सेज सगळ्यांत सरस ठरले. म्हणजे आजीच्या फोडणीला प्रयोगशाळेचा शिक्का तेव्हाच बसला होता, फक्त वनस्पती त्यांच्याकडच्या होत्या.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या दारातून आत येते. माळशेजच्या घाटाला लागून हिरडा आहे. पलीकडे जुन्नर-आंबेगावात तर बाळहिरडा गोळा करणं हा महादेव कोळी कुटुंबांचा मोठा आधार. इंग्रजांच्या काळात हाच हिरडा मुंबई बंदरातून 'मायरोबलन' नावाने विलायतेला जायचा. कशाला? कातडी कमवायला! हिरड्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट बांधतं, मग कातडं कुजत नाही. मेलेल्या जनावराचं काहीतरी झाडाच्या रसाने टिकवायचं, ही कल्पना किती जुनी आहे बघा.

आता गंमत. त्याच कुळातली टॅनिनं डाळिंबाच्या सालीत भरपूर असतात. हैदराबादच्या तेव्हाच्या राष्ट्रीय मांस संशोधन केंद्रातल्या बी. एम. नवीना आणि सहकाऱ्यांनी २००८ साली शिजवलेल्या चिकन पॅटींवर प्रयोग प्रसिद्ध केला. चार गट: काहीच न घातलेला, बीएचटीचा, डाळिंबाच्या रसाचा, आणि सालीच्या अर्काचा. ४ अंश सेल्सिअसला १५ दिवस साठवण. खवटपणा मोजतात मॅलोनाल्डिहाइडवरून, किलोमागे किती मिलिग्रॅम ते. साध्या पॅटीत १.२७२, बीएचटीत ०.८९६, रसात ०.७६३ आणि सालीच्या अर्कात फक्त ०.२०३! चवीत फरक नाही. आपण जी साल कचऱ्यात टाकतो ती रसायनाला भारी पडली.

पाठोपाठ २०१० साली तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या कनाट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सालीच्या अर्काने थंडीत ठेवलेले चिकनचे पदार्थ दोन-तीन आठवडे जास्त टिकतात. पण त्याच निबंधात एक ओळ आहे, जी मला वहिनींना दोनदा वाचून दाखवावी लागली: ई. कोलाय आणि साल्मोनेला या जंतूंवर अर्काचा परिणाम झाला नाही. म्हणजे साल खवटपणा अडवेल, पण वीज गेली आणि फ्रीज बंद पडला तर माणूस आजारी पडेलच. उलट चव चांगली राहिल्यामुळे धोका कळणारही नाही. मला तरी ही भीती जास्त वाटते.

"मग हिरडाच घालू, तो तर दारात आहे," वहिनी म्हणाल्या.

"घाला. ढाब्यावरची गिऱ्हाइकं जेवून उठतील ती थेट धावतच सुटतील." (हिरडा रेचक आहे हे विसरू नये!)

शेवटी ठरलं ते असं. बाजारातल्या डाळिंबाच्या सालीवर फवारणीचं औषध असू शकतं, म्हणून घरगुती अर्काचा प्रयोग गिऱ्हाइकांवर करायचा नाही. ब्रेडच्या चुऱ्याऐवजी नाचणीचं पीठ. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तंतूही भरपूर, आणि चिकनमध्ये तंतू शून्य. आणि मुख्य म्हणजे कटलेट तळून पाठवायचेच नाहीत. कच्चे थापून गोठवायचे, बर्फाच्या पेटीतून द्यायचे, तळायचं ढाब्यावर. खवटपणाचा वेग शिजवल्यावर वाढतो, तर शिजवणंच पुढे ढकला. टिम्स-वॉट्सचा साधा पॅच.

एका ढाबेवाल्याने होकार दिलाय, दुसरा अजून रुसलेला आहे. ऐंशी कटलेटचे पैसे मात्र सात जणींत वाटून गेले, ते काही परत येत नाहीत.

असो. येताना वहिनींनी डबा दिला. नाचणीचे कटलेट, तळलेले. कल्याण यायच्या आत संपले. टिकाऊपणाची चाचणी राहूनच गेली!