पंक वेशशैली
१९७६-७७ च्या सुमारास लंडनमध्ये पुढे आलेली तरुणांची बंडखोर वेशभूषा. किंग्ज रोडवरील व्हिव्हियन वेस्टवूड व माल्कम मॅक्लारेन यांच्या दुकानाने तिला आकार दिला. तिचा खरा जोर मात्र घरच्या घरी केलेल्या उद्योगात होता. फाटलेला टी-शर्ट शिवायचा नाही, सेफ्टी पिनांनी जोडायचा आणि फाटलेपण मुद्दाम दिसू द्यायचे. बाळाच्या लंगोटाची पिन कानात अडकवली, की घरगुती नीटनेटकेपणाची खूण त्याच्याच विरोधात उभी राही. बेकारी वाढलेल्या ब्रिटनमध्ये टाकाऊ ठरवले गेल्याची भावना या मुलांनी अशी अंगावर मिरवली. संस्कृती-अभ्यासक डिक हेब्डिज यांनी १९७९ मधील ग्रंथात या शैलीचा अर्थ चिन्हव्यवस्था म्हणून उलगडला. बाजार अशी बंडखोरी झपाट्याने गिळतो, हेही दाखवले. १९७७ मध्येच वेशरचनाकार झँड्रा ऱ्होड्स यांनी सेफ्टी पिना लावलेले महागडे पोशाख आणले होते.