डहाणूची एक अट

मुंबईच्या उपनगरांतल्या घरांना लागणारी बरीच वीज गेली तीस वर्षे डहाणूच्या खाडीकाठी तयार होते. प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आणि २७५ मीटर उंचीची चिमणी. मीही उपनगरातलाच, दर महिन्याला बिल भरणारा. बिलावर युनिट असतात, इंधन आकार असतो. धूर कुणाच्या वाडीवर उतरतो याचा रकाना मात्र नसतो. तो रकाना भरून घेण्यासाठी डहाणूच्या लोकांनी एका अटीचा पाठपुरावा अठरा वर्षे केला. आपल्याकडे मोर्चे, उपोषणे यांचा इतिहास लिहिला जातो. कागदावरची एक अट जिवंत ठेवण्याचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही.

१९८९ मध्ये केंद्र सरकारने या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी दिली. प्रकल्प तेव्हाच्या बीएसईएस कंपनीचा. मंजुरीच्या अटींत एक अट होती ती धुरातले गंधक काढणारे यंत्र बसवण्याची. स्थानिकांचा मुळात प्रकल्पालाच विरोध होता. नर्गिस इराणी, कित्यम रुस्तम यांच्यासारख्या डहाणूच्या रहिवाशांनी हे प्रकरण न्यायालयात नेले. उच्च न्यायालयात ते हरले. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. पण त्या निकालात एक वाक्य त्यांच्या हाती लागले: गंधक काढण्याच्या यंत्राची अट, परिणामांचा पुरता विचार केल्याशिवाय शिथिल करू नये. हरलेल्या खटल्याचा निकाल बहुतेक जण कपाटात टाकतात. यांनी तो जपून ठेवला.

त्याच वर्षी २० जून रोजी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. साऱ्या तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन आणि तालुक्याच्या हद्दीबाहेर २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा, अशी ती अधिसूचना होती. म्हणजे मार्चमध्ये औष्णिक केंद्राचा मार्ग मोकळा आणि जूनमध्ये तालुका नाजूक. सरकारी कारभारात असे होते.

कंपनीचे म्हणणे असे, की आपल्या देशी कोळशात गंधक फार कमी, मग एवढा खर्च कशाला? वरवर पाहता मुद्दा चुकीचा नाही. देशी कोळशात राख भरपूर आणि गंधक साधारण अर्धा टक्का. पण ढोबळ हिशेब करून पाहा. ५०० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेच्या आसपास चालले तर वर्षाला वीस लाख टनांच्या घरात कोळसा जाळते. त्याचा अर्धा टक्का म्हणजे दहा हजार टन गंधक. जळताना ते हवेतला प्राणवायू घेते आणि वजन दुप्पट होते. वीस हजार टन वायू दरवर्षी, चिकूच्या वाड्या, भातखाचरे आणि वारली पाड्यांच्या वर. उंच चिमणी हा वायू नाहीसा करत नाही, लांबवर पसरवते इतकेच. टक्केवारीत बोलणे आणि टनांत बोलणे यांत किती फरक पडतो, हे या भांडणातून मला नीट कळले.

हा बागायतदारांचा लढा, गरिबांचा नव्हे, अशी एक शंका येऊ शकते, आणि ती झटकून टाकू नये. डहाणू म्हणजे १९४५ च्या वारली उठावाचा टापू. जमीन कुणाची आणि घाम कुणाचा हा प्रश्न इथे जुना आहे. चिकूच्या बागा बहुतांशी इराणी, पारशी आणि इतर सधन कुटुंबांच्या, मजूर वारली. कोर्टात जायला वेळ, पैसा, इंग्रजी लागते आणि ते बागायतदारांकडेच होते. पण चिकूचा बहर गळाला तर मालकाचे उत्पन्न घटते आणि मजुराची मजुरी बुडते. खाडीत मासे मिळाले नाहीत तर मच्छीमाराची चूल विझते. आणि हवा कुणाचा सातबारा बघत नाही.

केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झाले, यंत्र नव्हते. दरम्यान बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला आणि तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितले. त्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. सोबत समुद्र, जल, पर्यावरण या विषयांतले तज्ज्ञ. रहिवाशांना आता दिल्ली गाठायची गरज उरली नाही. राखेची, पाण्याची, झाडतोडीची तक्रार घेऊन ते या प्राधिकरणापुढे उभे राहू लागले, आणि समोर कंपनीच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागे. माझ्या मते या कहाणीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच. प्रदूषण मंडळे सगळीकडे असतात. तक्रारदाराला वर्षानुवर्षे ओळखणारी आणि मागच्या बैठकीत काय ठरले ते लक्षात ठेवणारी जागा क्वचित असते.

१९९९ मध्ये प्राधिकरणाने हुकूम दिला: यंत्र बसवा. कंपनी न्यायालयात गेली. मग वर्षे सरली. २००३ मध्ये बीएसईएस रिलायन्सकडे गेली, तरी अट तीच राहिली. कंपनीकडून बँक हमी घेण्यापर्यंत प्रकरण ताणले. अखेर २००७ मध्ये यंत्र चालू झाले. त्याची रीत सोपी आहे. समुद्राचे पाणी मुळातच किंचित क्षारीय असते. धूर त्या पाण्याच्या फवाऱ्यातून नेला की गंधकाचा वायू पाण्यात विरघळतो, मग त्या पाण्यात हवा सोडून, गंधकाचे सल्फेट करून ते परत समुद्रात सोडतात. सल्फेट समुद्रात आधीपासूनच मुबलक असते. यंत्र बसले म्हणून पहारा संपला नाही. ते रोज चालते का, खाडीत जाणारे पाणी कसे आहे, हे विचारणारे लागतातच. २०१८ मध्ये केंद्राची मालकी पुन्हा बदलली, अदानींकडे गेली. मालक तीन झाले, विचारणारे तेच.

याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले होते. धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच नावाच्या प्राधिकरणाने वाढवणच्या नव्या बंदराला ना हरकत दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पायाभरणी झाली. मच्छीमारांनी विरोध केला, अजून करत आहेत. डहाणूचे प्राधिकरण म्हणजे आदर्श नमुना असे म्हणणाऱ्यांनी हे दुसरे पानही वाचावे.

आणि गंधकाची अट? डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने देशभरातल्या कोळशाच्या वीज केंद्रांना गंधकाची मर्यादा घालून दिली. म्हणजे डहाणूकर १९८९ पासून जे मागत होते, ते सव्वीस वर्षांनी सगळ्यांसाठी नियम झाले. मुदत दोन वर्षांची होती, ती वाढत गेली, पुन्हा वाढली. जुलै २०२५ मध्ये नवी अधिसूचना निघाली आणि देशातल्या बहुतेक केंद्रांना या यंत्राच्या सक्तीतून सूट मिळाली. समर्थनात जे मुद्दे मांडले गेले, त्यांत एक ओळखीचा होता: आपल्या कोळशात गंधक कमी आहे.