दिवाळीचा किल्ला आणि फाशांची लढाई

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात आणि भाऊबीज सरली की मावळे पुन्हा खोक्यात जातात. लहान प्रतिकृती-सैनिक मांडून ऐतिहासिक लढाया खेळण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत रुजलेला आहे. त्याचे निम्मे साहित्य आपल्या माळ्यावर पडलेले असते. उणीव असते ती नियमांची. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे व फासे यांचा युद्धखेळ प्रशिक्षणासाठी सिद्ध केला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून युद्धखेळ दिवाणखान्याच्या फरशीवर आणला.

पाल्यासह आरंभ करताना काल्पनिक किल्ला टाळावा. भाटघर धरणाच्या जलाशयाला शिवरायांचे सरदार येसाजी कंक यांचे नाव आहे. या भोर-वेल्हे मुलुखात राजगड, तोरणा, रोहिडा असे गड एका दिवसाच्या सहलीत पाहता येतात. राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही समाविष्ट झाला. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला अशी त्याची रचना मुलांना मातीत सहज उतरवता येते. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी मात्र मन लावून करावी. बाहेरचा तट पडला तरी आत शिरलेला शत्रू दोन भिंतींच्या चिंचोळ्या वाटेत अडकतो. हे पुस्तकात वाचून जितके उमगत नाही, तितके पटावर एकदा सैनिक गमावल्यावर उमगते.

प्रमाणाचा आग्रह धरू नये. सहा सेंटिमीटरचा मावळा म्हणजे साधारण १:२८ प्रमाण. त्या हिशेबाने राजगड कित्येक मजली इमारतीएवढा करावा लागेल! एक मावळा म्हणजे पन्नास माणसे, असे ठरवावे.

नियम थोडेच असावेत. सपाटीवर एका डावात एक वीत चाल, चढावर अर्धी. उघड्यावरील सैनिक फाशावर चार वा अधिक पडल्यास बाद, तटाआडचा केवळ सहा पडल्यास. गडावरील रसद म्हणून वीस शेंगदाणे ठेवावेत व प्रत्येक डावाला एक कमी करावा. (खेळाडूंनी ते खाऊ नयेत, हा नियम सर्वांत अवघड.) शेंगदाणे संपले की गड खाली करावयाचा. वेढा घालून बसणे हेही शस्त्र असते, हे मुलांना येथे कळते.

खरा पेच पुढे येतो : मोगल कोणी व्हायचे? पहिल्या डावात पालकांनी व्हावे, नंतर आळीपाळीने. आपण मुद्दाम हरू नये. औरंगजेबाने १७०४ मध्ये राजगड वेढा घालून घेतला, तर त्याच वर्षी तोरण्यावर त्याचे सैनिक रात्री दोरांच्या साहाय्याने चढले. मराठ्यांनी हे गड पुढे परत मिळवले. गड पडल्याचे ऐकून मूल रुसले, तर त्याला दुसऱ्या डावात तोच गड परत घेण्याची कामगिरी द्यावी. बाहेरून पाहताना त्याला स्वतःच बांधलेल्या तटाची कच्ची बाजू दिसते.

मातीचे मावळे पाडव्यानंतर कापडात गुंडाळून ठेवावेत. भाले आधी मोडतात. त्यांच्या जागी झाडूच्या काड्या चालतात.