देवासचे आजारपण

मध्य प्रदेश शासनाने २०१६ साली स्वतंत्र आनंद विभाग स्थापन केला. शासकीय आदेशाने माणसे सुखी होतात काय, हा प्रश्न नोकरीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याने विचारू नये. परंतु त्याच प्रदेशातील एक जुनी हकिगत येथे आठवते.

धार व देवास ही पवारांची संस्थाने. मराठी माणसास माळवा परका नाही. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले तरुण कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी देवासला आले. नाव गाजत असतानाच डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली. अंथरूण आणि पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा, एवढेच जग उरले. अशा वेळी माळवी बायकांची लग्नाची, ऋतूंची गाणी त्यांच्या कानी पडू लागली. ज्यांना कोणी गवई म्हटले नसते, त्यांचे गाणे हा विख्यात गायक विद्यार्थ्यासारखा ऐकत राहिला! त्या ऐकण्यातच त्याला जगण्याची गोडी पुन्हा लाभली असावी, असे मला वाटते. पुढे स्ट्रेप्टोमायसिनने प्रकृती सावरली आणि त्या लोकधुनांतून नवे राग आकारास आले. १९६५ च्या 'अनूपरागविलास'मध्ये त्यांची नोंद आहे.

बरे झाल्यावर पुण्या-मुंबईस परतणे सहज शक्य होते. ते गेले नाहीत. १९९२ साली देवासलाच त्यांचे देहावसान झाले.