खळगा भरण्याची सव्वाशे वर्षं

गाल बसले, डोळे खोल गेले, की माणूस आजारी दिसतो. मग तो आतून कितीही ठणठणीत असो. हा फरक मिटवायला आज त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन गालात किंवा डोळ्यांखाली फिलर भरतात. ते घ्यावं की नको, या विचारात असलेल्यांना सहसा दोन गोष्टी कळतात: किती रुपये पडतील आणि किती महिने टिकेल. ही वस्तू कुठून कशी आली हे पाहिलं, तर तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न समोर येतो. बिघडलं तर ते परत काढता येईल का?

सुरुवात सौंदर्यासाठी झालीच नव्हती. १८९३ मध्ये नॉयबर या जर्मन शल्यचिकित्सकांनी एका शस्त्रक्रियेची हकिकत मांडली. हाडाच्या दुखण्यानंतर डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेला व्रण राहिला होता आणि तिथली कातडी आत ओढली गेली होती. नॉयबर यांनी दंडातली चरबी काढून त्या खळग्यात बसवली. त्यांचं एक निरीक्षण फार मोलाचं ठरलं. चरबीचे तुकडे बदामाएवढे किंवा त्याहून लहान असले तरच नव्या जागी तग धरतात. कारण सरळ आहे: रक्त कडेने आत शिरतं, आणि मोठ्या तुकड्याच्या मध्यापर्यंत ते पोचायच्या आत तिथल्या पेशी मरतात. आजही पोटाची किंवा मांडीची चरबी चेहऱ्यात भरतात ती थेंबाथेंबाने, याच कारणासाठी.

चरबी काढायची म्हणजे दुसरी जखम. ती टाळण्याचा मोह लवकरच झाला. १८९९ मध्ये व्हिएन्नाचे रॉबर्ट गेर्सुनी यांनी क्षयामुळे वृषण गमावलेल्या एका तरुणाला व्हॅसलीन टोचून त्या जागी उभार दिला. मग पॅराफिन वितळवून नाकात, गालात, सुरकुत्यांत भरण्याची लाटच आली. उपदंशाने बसलेली नाकं वर येत होती, लोक खूश होते. काही वर्षांनी गाठी धरू लागल्या. मेण जागचं सरकू लागलं, त्याभोवती घट्ट ऊतक वाढू लागलं, कातडी फुटू लागली. पुढे मार्लबरोची डचेस झालेली ग्लॅडिस डीकन ही तिच्या काळातली नावाजलेली सुंदरी. नाकाच्या दांड्यात भरून घेतलेलं मेण हनुवटीकडे उतरल्याने तिचा चेहरा कायमचा विद्रूप झाला. नाकात पॅराफिन टोचल्यावर दृष्टी गेल्याच्या नोंदीही विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच झाल्या. ऊतकात मिसळलेलं मेण कापून काढायचं तर सोबत चेहराही कापावा लागे.

तरीही तीच चूक पुन्हा झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेत द्रवरूप सिलिकोन टोचलं जाऊ लागलं. ते उद्योगासाठी बनलेलं रसायन होतं. ‘कायम टिकतं’ हाच त्याचा मोठेपणा सांगितला गेला, आणि तेच त्याचं सर्वांत मोठं दूषण ठरलं. गाठी आणि जखमा घेऊन येणाऱ्या स्त्रियांची संख्या इतकी वाढली की १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने असं सिलिकोन टोचणं हा गुन्हाच ठरवला. पाठोपाठ १९८१ मध्ये गाईच्या कातडीपासून केलेल्या कोलॅजेनला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची आधी हातावर चाचणी घेऊन अॅलर्जी नाही ना, हे काही आठवडे पाहावं लागे, आणि भरलेलं तीन-चार महिन्यांत विरून जाई. लोक कुरकुरले. पण आपोआप विरणं हा दोष नसून संरक्षण आहे, हे डॉक्टरांना याच टप्प्यावर उमगू लागलं.

आज सर्वाधिक वापरात असलेला पदार्थ तोवर कितीतरी आधी सापडून गेला होता, तोही डोळ्यातच. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या नेत्रगोलात भरलेल्या पारदर्शक, बुळबुळीत रसातून हायल्युरॉनिक अॅसिड वेगळं केलं. ही एक लांबलचक साखर आहे आणि ती पाणी धरून ठेवते. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात ती जेमतेम १५ ग्रॅम असते, आणि तिचा सुमारे तिसरा हिस्सा शरीर रोज मोडून नव्याने बनवतं. एन्द्रे बालाझ या हंगेरियन शास्त्रज्ञांनी ती कोंबड्याच्या तुऱ्यातून अतिशय शुद्ध स्वरूपात काढली आणि १९८०च्या सुमारास ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत वापरात आली. कृत्रिम भिंग बसवताना डोळ्याच्या नाजूक भागांना धक्का लागू नये, म्हणून हा रस मध्ये भरला जातो.

शरीर इतक्या झपाट्याने मोडतं तो पदार्थ गालात टिकणार कसा? त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना बांधून घट्ट जेल करायचं, हे त्यावरचं उत्तर. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं असं जेल स्वीडनमधल्या उप्साला इथल्या क्यू-मेड कंपनीने १९९६ मध्ये रेस्टिलेन या नावाने युरोपात आणलं. अमेरिकेत ते २००३ मध्ये मान्य झालं. त्याचा उताराही आधीच हाती होता. ऊतकात औषध पसरवणारा एक घटक वृषणांच्या अर्कात असल्याचं दुरान-रेनाल्स या संशोधकांनी १९२८ मध्येच दाखवलं होतं. ते हायल्युरॉनिडेज हे विकर. डोळ्याभोवती भुलीचं इंजेक्शन नीट पसरावं म्हणून नेत्रतज्ज्ञ ते वापरतात, आणि नको असलेलं फिलर विरघळवायलाही तेच चालतं. भरलेलं परत घेण्याची सोय या वंशावळीत प्रथमच झाली.

गाल भरण्याच्या कथेला एक आपल्या जवळचा धागाही आहे. एचआयव्हीवरच्या सुरुवातीच्या औषधांनी, विशेषतः स्टॅव्हुडिनने, जीव वाचायचा, पण गालांची चरबी झडायची. भारतात एप्रिल २००४ मध्ये सरकारने ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं आणि उपचारात स्टॅव्हुडिन होतं. आजार घरादारापासून लपवावा तर चेहराच चुगली करी. त्याच वर्षी अमेरिकेत पॉली-एल-लॅक्टिक अॅसिडच्या इंजेक्शनला याच बसलेल्या गालांसाठी मान्यता मिळाली. निव्वळ सौंदर्यासाठी ती २००९ मध्ये आली. जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडिन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं तेही २००९ मध्येच. गाल भरणं ही केवळ चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

वय झालं की चेहरा फक्त लोंबतो, म्हणून कातडी ओढून शिवावी, ही समजूत बराच काळ रूढ होती. २००७ मध्ये रॉरिक आणि पेसा या संशोधकांनी मृतदेहांच्या चेहऱ्यात निळा रंग टोचून पाहिला. तो सगळीकडे पसरला नाही, ठरावीक कप्प्यांत अडला. चेहऱ्याची चरबी एकसंध नसून वेगवेगळ्या कप्प्यांत असते आणि प्रत्येक कप्पा आपल्या गतीने बदलतो, हे त्यातून दिसलं. त्यानंतर ओढण्यापेक्षा भरण्यावर भर आला. गालांसाठी खास बनवलेलं जेल अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झालं. डोळ्यांखालच्या खळग्यासाठी मात्र २०२२ उजाडलं. नॉयबर यांनी जिथे पहिला तुकडा बसवला, ती जागा इतक्या उशिरा खुली झाली.

हा उशीर सकारण आहे. खालच्या पापणीची कातडी शरीरातल्या सर्वांत पातळ कातड्यांपैकी. जेल वरच्या थरात राहिलं तर निळसर झाक दिसते. जास्त झालं तर ते पाणी ओढून सूज धरतं, आणि काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये ते अनेक वर्षांनीही तिथेच दिसलं आहे. डोळ्यांखालची वर्तुळं खळग्याच्या सावलीची असतील तर फिलरने फरक पडतो. आपल्याकडे अनेकांची असतात तशी ती रंगद्रव्याची असतील, तर पडत नाही. सर्वांत गंभीर धोका शंभर वर्षांपूर्वीचाच आहे. चेहऱ्याच्या धमन्या डोळ्याच्या धमन्यांशी जोडलेल्या आहेत. सुई धमनीत शिरली तर भरलेला पदार्थ उलटा मागे जाऊन दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तोडू शकतो, आणि मग हाती उरतो जेमतेम दीड तास. २०१५च्या एका आढाव्यात जगभरातली अशी ९८ प्रकरणं मोजली गेली. त्यांत जवळपास निम्मी चरबी भरल्यानंतरची होती, आणि भुवयांमधली जागा व नाक यांचा धोका सर्वाधिक होता. हा अपघात विरळा, पण गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही.

बसलेले गाल भरून घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. जो माणूस आरशात स्वतःला आजारी पाहतो, त्याचं ते दुःख खरं असतं. पण ‘कायम टिकतं’ या शब्दांवर भाळून मागच्या चार पिढ्या पस्तावल्या आहेत. म्हणून टोचणारा प्रशिक्षित डॉक्टर आहे का, पदार्थ नेमका कोणता, तो विरघळवता येतो का आणि विरघळवणारं औषध याच खोलीत आत्ता आहे का, हे सुई लागण्याआधी विचारावं. उत्तर टाळलं गेलं, तर तिथून उठून यावं.